बैठकीच्या खोलीतलं नाटक पडद्यावर आणताना

शिष्टाचारावर बेतलेलं प्रेमविनोदी नाटक चित्रपटासाठी घेतलं की पहिली चूक बहुतेक वेळा पटकथेचं पहिलं पान लिहायच्या आधीच होते. 'सगळं दोन-तीन खोल्यांत घडतंय, कॅमेरा बाहेर काढायला हवा' असं ठरतं आणि मंडळी लोकेशन शोधायला निघतात. पण या नाटकांची गंमत खोलीतच असते. माणसाला जे बोलायचंय ते चारचौघांत बोलायची सोय नसते, म्हणून तो नेटक्या, सभ्य वाक्याच्या आडून बोलतो, आणि समोरचा तितक्याच सभ्य वाक्यात परतफेड करतो. कॅमेऱ्याने आधी त्या वाक्याला जागा द्यायची. लोकेशनचं नंतर बघता येतं.

शिकायला सर्वांत सोयीचं उदाहरण म्हणजे ऑस्कर वाइल्डचं 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'. 14 फेब्रुवारी 1895 रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. त्याचे दोन इंग्रजी चित्रपट सहज तुलना करता येतील असे आहेत: 1952 चा अँथनी अ‍ॅस्क्विथचा आणि 2002 चा ऑलिव्हर पार्करचा. दोघांनी एकाच संहितेबद्दल जवळजवळ उलटे निर्णय घेतले. नाटक वाचून मग दोन्ही चित्रपट पाठोपाठ, संहिता मांडीवर ठेवून बघा. निम्मा अभ्यास तिथेच होतो.

कथा थोडक्यात. जॅक गावाकडे जॅक असतो, शहरात 'अर्नेस्ट' म्हणून वावरतो; गावाकडे तो अर्नेस्ट नावाचा आपला एक भाऊ असल्याचं सांगतो. त्याचा मित्र अल्जर्नन हेच खोटं नाव घेऊन जॅकच्या गावच्या घरी पोचतो. जॅकची प्रेयसी ग्वेंडोलन आणि जॅकच्या देखरेखीखाली वाढलेली, अल्जर्ननला आवडलेली सेसिली, या दोघींना नवरा अर्नेस्ट नावाचाच हवा. मध्ये उभी आहे ग्वेंडोलनची आई, लेडी ब्रॅकनेल.

आधी नियम, मग दृश्यं

पटकथेआधी एका कागदावर त्या समाजाचे नियम लिहून काढा. या नाटकासाठी ते असे होतील: नोकरांसमोर भांडायचं नाही. पाहुण्याला चहा विचारायचाच. लग्नाचा निर्णय मुलीची आई घेते. मिळकतीची चौकशी उघडपणे करता येते, प्रेमाची करता येत नाही. मग प्रत्येक प्रसंगासमोर एकच नोंद करा, इथे कोणता नियम कोणाच्या आड येतोय. ज्या प्रसंगासमोर काहीच लिहिता येत नाही, तो कापायच्या यादीत टाका.

हा कागद पुढे कला दिग्दर्शक आणि वेशभूषाकारालाही द्यायचा. प्रेक्षकाला नियम माहीत नसेल तर तो मोडल्याचं हसू येत नाही, आणि 1895 च्या लंडनचे नियम आजच्या प्रेक्षकाला कोणी सांगत बसणार नाही. ते पहिल्या 10 मिनिटांत वागण्यातून दिसायला हवेत: नोकर दार कसं उघडतो, कोण आधी बसतं, हातमोजे कधी काढतात.

किती कापायचं, आणि काय कापायचं नाही

साधं गणित करा. नाटकात सुमारे 20,000 शब्द आहेत. इंग्रजी संवाद मिनिटाला 150 ते 160 शब्दांच्या गतीने बोलला तरी नुसतं बोलणं दोन तासांच्या वर जातं. दीड तासाच्या चित्रपटात 15 मिनिटं बिनसंवादाची धरली, तर उरलेल्या 75 मिनिटांत जेमतेम 12,000 शब्द मावतात. म्हणजे पाचातले दोन शब्द जाणार. मराठी संहितेला हे आकडे लावू नका. आपले शब्द प्रत्ययांमुळे लांब होतात, त्यामुळे शब्द मोजण्यापेक्षा चार जणांना बसवून मोठ्याने वाचन करा आणि घड्याळ लावा.

कापताना सगळ्यांत आधी पेरणी आणि उगवण यांच्या जोड्या शोधा आणि त्यांना लाल खूण करा. दुसऱ्या अंकात सेसिलीची शिक्षिका मिस प्रिझम सहज सांगून जाते की तिने कधीकाळी तीन खंडांची कादंबरी लिहिली होती आणि हस्तलिखित कुठेतरी राहून गेलं. ऐकताना ते वाक्य भरतीचं वाटतं. शेवटी कळतं की तिने चुकून बाळ (म्हणजे जॅक) हँडबॅगेत आणि हस्तलिखित बाबागाडीत ठेवलं होतं. ते एक वाक्य गेलं की शेवट आभाळातून पडल्यासारखा वाटतो. तसंच पहिल्या अंकातलं: जॅक ग्वेंडोलनला गावचा पत्ता सांगतो आणि अल्जर्नन तो चोरून आपल्या शर्टाच्या कफवर लिहून घेतो. रंगभूमीवर मागच्या रांगेला हे दिसेलच असं नाही, पडद्यावर मात्र कफवर चालणारी पेन्सिल दोन सेकंदांत सगळं सांगते. असे क्षण नाटककाराने कॅमेऱ्यासाठीच ठेवल्यासारखे असतात. ते हेरून ठेवा.

जोडीने येणारे प्रसंगही सांभाळा. ग्वेंडोलन पहिल्या अंकात जे म्हणते तेच सेसिली दुसऱ्यात जवळजवळ तशाच शब्दांत म्हणते. पुनरुक्ती समजून एकीचं कापलं तर दुसरीचं हसू जातं, कारण प्रेक्षकाला तोच सापळा पुन्हा ओळखू येणं हीच तिथली गंमत आहे. मग कापायचं काय? त्या काळच्या घडामोडींवरचे शेरे, एकाच विषयावर लागोपाठ आलेल्या तीन चमकदार वाक्यांतलं मधलं, आणि 'मी आत जातो, तुम्ही या' छापाची ये-जा, कारण ते काम चित्रपटात संकलन करतं. तोललेलं वाक्य मात्र मधूनच कापू नका. लेडी ब्रॅकनेल जॅकला म्हणते, एक पालक गमावणं हे दुर्दैव मानता येईल, पण दोन्ही गमावणं हा निष्काळजीपणा दिसतो. यातला पहिला अर्धा भाग संथ, सहानुभूतीचा असतो म्हणूनच दुसरा लागतो. घ्यायचं तर पूर्ण घ्या, नाही तर पूर्ण सोडा.

मूळ नाटकही कापलेलंच आहे, हे कापताना धीर देणारं आहे. वाइल्डने ते चार अंकी लिहिलं होतं आणि निर्माता-नट जॉर्ज अलेक्झांडरच्या आग्रहाने तीन अंकी केलं. त्यात गेलेला, उधारीच्या वसुलीला आलेल्या ग्रिब्सबीचा धागा पार्करने 2002 मध्ये काही अंशी परत आणला. क्लासिक हातात घेताना जुने मसुदेही चाळा, तिथे वापरता येण्याजोगा माल मिळतो.

खोलीबाहेर काय काढायचं

आमची कसोटी अशी: नाटकात जे नुसतं सांगितलं जातं आणि ज्याने नियमावर नवा ताण येतो, तेवढंच दाखवा. लेडी ब्रॅकनेल मुलीच्या मागे मालगाडीने आली, असं संहितेतच आहे. एवढ्या मानी बाईचा मालगाडीतला प्रवास दाखवला तर तो नाटकाच्या पोटातूनच येतो. याउलट 2002 च्या चित्रपटात अल्जर्नन गरम हवेच्या फुग्यातून उतरतो, ग्वेंडोलन अंगावर 'अर्नेस्ट' गोंदवून घेते, सेसिलीला चिलखतातल्या शूरवीराची स्वप्नं पडतात. ही दृश्यं देखणी आहेत, पण त्यांतली माणसं मोकळी होतात, आणि मोकळ्या माणसाला सभ्य वाक्याची गरज उरत नाही. पुढच्या प्रसंगात तेच पात्र दबून बोलायला लागलं की प्रेक्षकाला ते पटत नाही. गोंदवून घेण्याइतकी धीट मुलगी आईसमोर गप्प का बसेल?

अ‍ॅस्क्विथने दुसरं टोक गाठलं. त्याचा चित्रपट नाट्यगृहातच सुरू होतो: प्रेक्षक बॉक्समध्ये येऊन बसतात आणि पडदा वर जातो. 'हे नाटक आहे' हे त्याने लपवलं नाही, त्यामुळे संवादाचा रचलेपणा पुढे कुठे खटकत नाही. आमचा कल याच बाजूला आहे.

बाहेर काढण्याचा सर्वांत चांगला नमुना मात्र दुसऱ्या नाटकात सापडतो. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये उच्चभ्रूंची बोली शिकून घेतलेल्या फुलवाल्या एलायझाची खरी परीक्षा, म्हणजे राजदूताकडचा समारंभ, रंगमंचावर न दाखवताच पुढचा अंक सुरू होई. अ‍ॅस्क्विथ आणि लेस्ली हॉवर्ड यांच्या 1938 च्या चित्रपटासाठी शॉने तो प्रसंग लिहिला. तिचा प्रत्येक उच्चार तोलला जातोय आणि एक भाषातज्ज्ञ तिचं बिंग फोडायला टपलाय. म्हणजे इथे घराबाहेर पडून नियम आणखी आवळला जातो. या पटकथेला ऑस्कर मिळालं.

हशाची जागा

नाट्यगृहात नट हशासाठी थांबतो. किती थांबायचं ते समोरचा प्रेक्षक सांगतो. चित्रपटात हा हिशेब संकलनाच्या टेबलावर आधीच करावा लागतो, आणि अशा चित्रपटांची सर्वांत जास्त नासाडी इथेच होते. जागा ठेवली नाही तर पुढचं वाक्य हशात बुडतं. जास्त ठेवली तर अर्ध्या भरलेल्या थिएटरात, किंवा घरी मोबाईलवर एकट्याने बघताना, मोकळी शांतता अंगावर येते.

उपाय असा. संहितेतल्या हशाच्या वाक्यांचे तीन दर्जे पाडा. सर्वांत मोठ्या हशानंतर लगेच येणाऱ्या वाक्यात महत्त्वाची माहिती ठेवू नका. नाव, नातं, रक्कम, पत्ता यांतलं काही तिथे असेल तर ते दोन वाक्यं पुढे सरकवा. आणि हशाच्या जागी रिकामा चेहरा न ठेवता काम द्या. वाइल्डने स्वतः हे करून ठेवलंय. लेडी ब्रॅकनेल जॅकची उलटतपासणी हातात वही-पेन्सिल घेऊन करते: वय, मिळकत, जमीन, शहरातलं घर, राजकारण. तिच्या हातातली वही ही हसू झेलणारी वस्तू आहे. उत्तर आलं की ती लिहिते. थिएटर हसत असेल तर लिहिण्याचे दोन सेकंद हशात जातात, हसत नसेल तर ते दोन सेकंद भीतिदायक वाटतात. दोन्हीकडून प्रसंग तरतो.

कट कुठे करायचा? हशाचा शेवटचा शब्द बोलणाऱ्याच्याच चेहऱ्यावर पडू द्या, त्यानंतर 8 ते 12 फ्रेम थांबा आणि मग ऐकणाऱ्यावर जा. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे हा वेळ अर्धा सेकंद किंवा त्याहून जरा कमी. शब्द पुरा व्हायच्या आधीच प्रतिक्रियेवर उडी मारली की प्रेक्षकाचं लक्ष अर्थावरून चेहऱ्यावर जातं आणि वाक्य निसटतं. प्रत्येक वाक्याला कट केला तर चेंडू टोलवल्यासारखं दिसतं आणि पाच मिनिटांत डोळे थकतात. शब्दांची चकमक शक्यतो टू-शॉटमध्येच घ्या. वार आणि तो झेलणारा चेहरा एकाच चौकटीत हवेत.

हँडबॅगेबद्दल वेगळं सांगायला हवं. जॅक व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामानघरात एका हँडबॅगेत सापडला, हे ऐकून लेडी ब्रॅकनेल तो एकच शब्द उच्चारते. 1952 च्या चित्रपटात इडिथ इव्हान्सने तो इतका ताणला, चढवला की तेव्हापासून ही भूमिका करणाऱ्या प्रत्येकीपुढे तो उच्चार उभा असतो. प्रत्येक क्लासिकात असा एखादा सर्वांना पाठ असलेला क्षण असतो. त्याची नक्कलही करू नका आणि मुद्दाम उलटंही करू नका. त्या पात्राला त्या क्षणी काय कळलं, तेवढंच नटीला विचारा. लेडी ब्रॅकनेलला नुकताच एक श्रीमंत जावई हाती लागला होता आणि तो आता गेला. उच्चार त्यातून येऊ द्या.

चहाचा प्रसंग, शॉट बाय शॉट

दुसऱ्या अंकात ग्वेंडोलन आणि सेसिली या दोघींना कळतं की आपलं लग्न 'अर्नेस्ट'शीच ठरलंय. भांडण पेटणार एवढ्यात नोकर चहा घेऊन येतात. नोकरांमुळे दोघींना आवर घालावा लागतो, हे रंगसूचनेतच लिहिलंय. त्यामुळे मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र दाखवणाऱ्या शॉटमध्ये, मेरिमन आणि दुसरा नोकर दिसलेच पाहिजेत. ते चौकटीबाहेर गेले तर मुली गोड का बोलतायत हे कळत नाही, आणि बहुतेक वेळा हा प्रसंग नेमका इथेच पडतो.

सेसिली विचारते, साखर? ग्वेंडोलन म्हणते, नको, साखरेची आता फॅशन राहिली नाही. सेसिली चिमट्याने साखरेचे चार चौकोनी खडे कपात टाकते. हा इन्सर्ट, म्हणजे वस्तूचा जवळून घेतलेला शॉट, न कापता एका दमात घ्या, कारण प्रेक्षक मनात मोजत असतो. चौथा खडा पडेपर्यंत तीन-चार सेकंद लागतील, लागू द्या. त्या वेळी ग्वेंडोलनची नजर बागेकडे हवी. तिने खडे पाहिले तर पुढचा घोट मेला. मग केक की ब्रेड-बटर? ग्वेंडोलन ब्रेड-बटर मागते, कारण चांगल्या घरांत हल्ली केक दिसत नाही. सेसिली केकचा मोठा तुकडा कापून बशीत ठेवते आणि मेरिमनच्या हाती देते. मेरिमन तो पोचवतो आणि दोघे नोकर जातात. त्यांची पाठ वळलेली एका रुंद शॉटमध्ये दाखवा, कारण आवर सुटल्याची खूण तीच आहे. आता घोट घेताना ग्वेंडोलनचा क्लोज-अप. प्रसंगातला हा पहिला क्लोज-अप असावा, त्याआधी एकही खर्चू नका. तोंड वाकडं होतं, कप खाली जातो, हात ब्रेड-बटरकडे जातो, नजर पडते, तो केक निघतो. ती उभी राहते.

आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करा: चार खडे, कपाची बशी, सुरी. सेटवर काचेची किणकिण नेमकी संवादावर येते आणि नंतर निघत नाही. बशीखाली जाड लोकरी कापडाचा छोटा गोल तुकडा चिकटवला तर ती बरीच दबते. रेशमी कपड्यांवर लेपल माइक लावू नका, सळसळ येते. बूम, म्हणजे दांड्यावरचा माइक, जवळ आणा.

सामानाचा हिशेब: 8 टेक धरा. एकसारखे 10 कप, 32 खडे आणि मोडतोडीला आणखी 10, एकाच उंचीचे तीन केक. चहा कोमट ठेवा, वाफ प्रत्येक टेकला वेगळी दिसते. कपाच्या कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला आतून ठिपका द्या आणि चहा तिथपर्यंतच भरा.

पहिल्या अंकातल्या काकडीच्या सँडविचना याहून कडक तक्ता लागतो. मावशीसाठी, म्हणजे लेडी ब्रॅकनेलसाठी, ठेवलेली सँडविच अल्जर्नन बोलता बोलता सगळी संपवतो आणि ती येते तेव्हा ताट रिकामं असतं. चित्रीकरण क्रमाने होणार नाही, तेव्हा वाक्यांना क्रमांक द्या आणि प्रत्येक क्रमांकासमोर ताटात किती उरली ते लिहा. नटाने वाक्य संपल्यावर घास घ्यावा, आधी नाही. काकडीला पाणी सुटून तासाभरात पाव ओला होतो, म्हणून चकत्या कापडावर निथळून घ्या, मीठ लावू नका, पावाच्या दोन्ही तुकड्यांना लोणी लावा.

अभिनयाबद्दल एवढंच: पात्रांना आपण विनोदी आहोत हे माहीत नाही. गंभीर लोकांसाठी क्षुल्लक विनोदिका, असं वाइल्डचं उपशीर्षक आहे. जॅक मेलेल्या काल्पनिक भावाचं सुतक म्हणून नखशिखांत काळ्या कपड्यांत भर उन्हाच्या बागेत येतो, आणि तो 'भाऊ' आत जेवायच्या तयारीत असतो. हे लांबून, पूर्ण आकृती दिसेल असं घ्या. नट जरा जरी मिस्कील झाला तर सगळं वाया जातं.

मराठीत आणायचं असेल तर

शब्द न आणता नियम आणा. पु. ल. देशपांडे यांनी 1975 मध्ये 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' केलं, तेव्हा लंडनच्या कॉकनी बोलीचा अनुवाद केला नाही. आपल्याकडे बोलीवरून माणूस कसा तोलला जातो, ते पकडलं. भक्ती बर्वेंची मंजुळा त्यातूनच उभी राहिली. 'अर्नेस्ट'मध्ये अडचण नावाची आहे: इंग्रजीत 'मनापासून वागणारा' या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही 'अर्नेस्ट'च होतो, म्हणजे नाव आणि गुण एकाच उच्चारात हवेत. 'सुशील' चालेल, पण ते विशेषण आहे. 'विनय' जास्त बसतं, कारण शेवटच्या वाक्यात 'विनयाचं महत्त्व' सरळ येतं. इथे आपल्याला एक फायदाही आहे. आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत होती, काही घरांत आजही आहे. नवरीच्या हट्टापायी दोन नवरदेव नाव बदलायला रांगेत उभे आहेत, ही कल्पना मराठी घरात लंडनपेक्षा जास्त लागेल. उलटतपासणीला बघण्याच्या कार्यक्रमाची चौकट तयारच आहे, फक्त पोह्यांची बशी मुलाच्या पुढ्यात ठेवा.

हक्कांची खातरजमा लेखनाआधी करा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. वाइल्ड 1900 मध्ये गेला आणि शॉ 1950 मध्ये, त्यामुळे त्यांची मूळ नाटकं इथे मोकळी आहेत. पु. ल. 2000 मध्ये गेले, तेव्हा 'ती फुलराणी'तला संवाद किंवा तिचा बदललेला साचा परवानगीशिवाय उचलता येणार नाही. चित्रपटांनी घातलेली भरही त्या त्या चित्रपटाची असते. फुगा आणि गोंदण वाइल्डचं नाही. सरावासाठी घरचं नाटक हवं असेल तर गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' घ्या. देवल 1916 मध्ये गेले, आणि तसबिरीवरून होणारा घोटाळा तर क्लोज-अपसाठीच रचल्यासारखा आहे.

पहिलं संकलन झालं की संगीत न लावता 30-40 लोकांना एका खोलीत दाखवा. त्यात निम्मे तरी मूळ नाटक न वाचलेले असावेत. खोलीतला आवाज ध्वनिमुद्रित करा आणि तो संकलनाच्या टाइमलाइनवर संवादाखाली ठेवा. हसू कुठे संवादावर चढलं आणि कुठे आलंच नाही, ते डोळ्यांना दिसेल. जिथे चढलं तिथे पुढचं वाक्य 12 ते 24 फ्रेम उशिरा येऊ द्या. जिथे आलं नाही तिथे आधी मागच्या दोन मिनिटांत नियम दिसला होता का ते बघा, आणि त्यानंतरच वाक्याला हात लावा.